धर्मपीठावरून मंत्रिपदाकडे

धर्मनिष्ठ मनुष्य राजकारणांत शिरला म्हणजे त्याची निष्ठा शाबूत राहते काय, हा प्रश्न प्रत्येक समाजास केव्हां ना केव्हां सोडवावा लागतो. एक पक्ष म्हणतो, राजकारण म्हणजे चिखल. त्यांत उतरणाऱ्याचे पाय भरल्यावांचून राहावयाचे नाहींत. दुसरा विचारतो, सज्जन सोवळें नेसून बाजूस बसले, तर कारभार कोणाच्या हातीं जाईल? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. केवळ तत्त्वचर्चेनें मात्र ह्याचा उलगडा होत नाहीं. म्हणून हॉलंडांतील एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचें चरित्र ह्या दृष्टीनें पाहूं.

आब्राहम कायपर ह्यांचा जन्म १८३७ सालचा. १८७० पासून ते अॅमस्टरडॅम येथें धर्मोपदेशक होते. १८७२ सालीं त्यांनीं एक दैनिक काढलें, आणि १८७४ सालीं ते पार्लमेंटांत निवडून आले. सेवेंत असलेल्या धर्मोपदेशकास सभासद होण्यास त्या वेळच्या राज्यघटनेची मनाई असल्यामुळें त्यांना धर्मपीठ सोडावें लागलें. राजकारणानें पहिली किंमत अशी उंबरठ्यावरच वसूल केली.

त्यांच्या चळवळीचें मूळ शाळेंत होतें. सरकारी शाळा सर्वांच्या करांवर चालत. ज्या आईबापांस मुलांना स्वधर्माचें शिक्षण द्यावयाचें असे, त्यांनीं कर भरून शिवाय आपल्या शाळेचा खर्चही सोसावा, अशी रीत होती. १८७८ च्या कायद्यानें शाळांवरील अटी अधिक कडक केल्या, आणि गरिबांच्या खासगी शाळा टिकणें दुरापास्त झालें. तीन लाखांहून अधिक प्रॉटेस्टंटांनीं सह्या करून राजाकडे अर्ज केला. तो व्यर्थ गेला. परंतु त्या चळवळीच्या बळावर १८७९ सालीं कायपरांचा क्रांतिविरोधी पक्ष उभा राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या ईश्वरनिरपेक्ष तत्त्वांस विरोध, हा त्या नांवाचा अर्थ होय.

ह्या पक्षास एकट्यानें बहुमत मिळण्याची आशा नव्हती. शाळांविषयीं नेमकी हीच तक्रार रोमन कॅथलिकांचीही होती. परंतु ह्या दोन पंथांचें वैर सोळाव्या शतकापासूनचें. कायपरांचा पंथ ज्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीस प्रमाण मानी, तींत कॅथलिकांच्या मुख्य उपासनेस मूर्तिपूजा ठरवून तिचा धिक्कार केलेला आहे. असें असतांही कॅथलिक पुढारी स्खापमान ह्यांच्याशीं सख्य जुळलें. १८८८ सालीं दोन्ही पक्षांच्या पाठिंब्यावर मकाय ह्यांचें मंत्रिमंडळ अधिकारारूढ झालें, आणि १८८९ च्या कायद्यानें खासगी शाळांस सरकारी मदत मिळूं लागली.

पुढें प्रश्न प्रत्यक्ष धर्मवचनापर्यंत गेला. १५६१ सालीं गीदो द ब्रे ह्यांनीं रचलेल्या बेल्जिक श्रद्धापत्राच्या छत्तिसाव्या कलमांत, खोट्या उपासनेचें उच्चाटन करणें हें राजसत्तेचें कर्तव्य सांगितलें होतें. रचणारे ब्रे स्वतःच १५६७ सालीं परधर्मीय राजसत्तेकडून फांसावर गेले, हा दैवदुर्विलास! १९०५ सालीं उट्रेख्ट येथील महासभेनें कायपरांच्या पंथापुरता तो मजकूर गाळला. कायपर ह्या बदलाचे पुरस्कर्ते होते. युतीसाठीं धर्म विकला, असें विरोधकांनीं म्हणावें हें साहजिक. परंतु नीट पाहिलें तर पंथानें आपली उपासना बदलली नाहीं कीं कॅथलिकांची खरी मानली नाहीं. दुसऱ्याच्या श्रद्धेवर राजदंड चालविण्याचा हक्क मात्र त्यानें सोडला.

दुसरी तडजोड निराळ्या जातीची होती. कायपर स्वतःस लहान माणसांचे कैवारी म्हणवीत. १८९१ सालीं एका ख्रिस्ती परिषदेंत त्यांनीं कामगारांच्या हलाखीविषयीं कळकळीचें भाषण केलें होतें. १८९४ सालीं मताधिकार विस्तारण्याच्या प्रश्नावर जुने सहकारी लोमान ह्यांच्याशीं त्यांची फारकतही झाली. १९०१ सालीं हेच कायपर मुख्य प्रधान झाले. जानेवारी १९०३ मध्यें रेल्वे कामगारांचा संप यशस्वी होतांच त्यांच्या सरकारनें रेल्वेच्या व सरकारी नोकरांच्या संपास बंदी करणारे कायदे आणले. त्यांविरुद्ध पुकारलेला एप्रिलचा सार्वत्रिक संप फसला, आणि अनेक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कामगारांनीं त्या कायद्यांस गळफासाचे कायदे असें नांव दिलें. देश ठप्प होऊं देणें प्रधानास शक्य नव्हतें, हें खरें. पण ज्यांच्या तर्फेनें आपण उभे राहिलों, त्यांच्याच घरची चूल विझली, हेंही तितकेंच खरें. १९०५ च्या निवडणुकींत युतीनें बहुमत गमावलें.

१९१७ सालच्या घटनादुरुस्तीनें खासगी प्राथमिक शाळांस सरकारी शाळांच्या बरोबरीनें पैसा मिळण्याचें तत्त्व मान्य झालें. तें पाहण्यास कायपर हयात होते. १९२० सालीं ते वारले. १९८० सालीं त्यांचा पक्ष कॅथलिक पक्षासह एका नव्या ख्रिस्ती पक्षांत विलीन झाला.

तात्पर्य, धर्मनिष्ठानें तडजोड केली एवढ्यावरून त्यास दोष देणें योग्य नव्हे. त्यानें काय सोडलें, हें पाहिलें पाहिजे. परक्यावर आपला धर्म लादण्याचा हक्क सोडल्यानें निष्ठा उणी होत नाहीं, उलट ती उजळते. परंतु अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर दुर्बळांचा हात सुटला, तर नित्याची उपासना कितीही बिनचूक चालो, धर्माचें मर्म हातचें निसटलें असेंच म्हणावें लागेल.