नोंदवहीतली बंदूक कोणाची?

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे निघाले की आधी नेकनूर लागते आणि त्याच रस्त्यावर पुढे मस्साजोग. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा जीव घेतला गेला. त्या हत्येत गोळी झाडली गेली नव्हती. तरी पुढच्या काही आठवड्यांत महाराष्ट्रभर चर्चा सुरू झाली ती बीडच्या बंदुकांची. कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो आणि हवेत बार काढतानाचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर येऊ लागले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांचा गोळ्या घालून खून झाला होता, त्याचीही आठवण निघाली. या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने कसे, हा प्रश्न सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी लावून धरला. बंदुकांसह मिरवणाऱ्यांची शहानिशा करून परवाने रद्द करा, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत आले, ठाण्याठाण्यातून परवान्यांची छाननी झाली आणि २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत जिल्हाधिकारी कार्यालयाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

बहुतेकांना हे योग्य वाटले. मलाही वाटले. पण ज्याच्या कपाटात आजोबांची बारा बोअर आहे, ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, त्याच्या मनात एक वेगळीच शंका येते: सरकारदरबारी नाव नोंदवले म्हणून तर बंदूक जाते; बेकायदा गावठी कट्टा बाळगणाऱ्याचे नाव कुठल्याच यादीत नाही, मग त्याचे कोण काय करणार? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

ती अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादातून आलेलीही नाही. आपल्याकडे शस्त्रांच्या नोंदीची सुरुवातच मुळी नि:शस्त्रीकरणातून झाली. १८५७ च्या उठावानंतर अवधात इंग्रजांनी गावेच्या गावे धुंडाळून हत्यारे काढून घेतली. पुढे व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला. त्यात भारतीयाला परवाना सक्तीचा होता आणि युरोपियनाला सूट होती. परवाना मागायला जाणे म्हणजे आपल्याच देशात आपण दुय्यम आहोत हे कबूल करणे होते. स्वातंत्र्य चळवळीच्या तक्रारींत हा कायदा कायम राहिला, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

मग तो हक्क संविधानात का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला तर गुन्हेगारी प्रवृत्तीच्या माणसालाही तो नाकारता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हे बोलणे दिल्लीत चालू होते तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई होऊन तीन महिनेही झाले नव्हते. शस्त्रे खासगी टोळीच्या हाती गेली की गावांचे काय होते, हे रझाकारांनी इथे दाखवून दिले होते. तेव्हापासून आजतागायत भारतात बंदूक ही सवलत आहे, हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही चौकट पक्की केली, आणि पुढचे सगळे तिच्यातच चालते.

परवाना मिळण्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ठाण्याकडून अहवाल मागवला जातो: अर्जदाराचे चारित्र्य, त्याच्यावरचे गुन्हे, त्याला खरोखर धोका आहे का. फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट अशी की, केवळ मालमत्ता नाही म्हणून कोणाचा अर्ज फेटाळता येत नाही. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची सोयही याच कायद्यात आहे. रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरून काढलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या कलमाची किंमत कळते. २०१६ च्या नियमांनंतर प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसंचात एक क्रमांक मिळाला. म्हणजे नेकनूरच्या ठाण्यातली नोंद आज दिल्लीतही दिसते.

आता ही नोंद कधी बंदूक काढून घ्यायला वापरली जाते ते पाहू. कलम १७ प्रमाणे परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो, पण त्यासाठी ठरावीक कारणे लागतात. माणूस परवान्यास अपात्र ठरला, त्याने माहिती लपवून परवाना मिळवला, अटी मोडल्या किंवा सार्वजनिक शांततेसाठी ते आवश्यक झाले, तरच. कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्यावर कलम १८ प्रमाणे अपील करता येते, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालय आहेच. नुसता गुन्हा नोंदवला गेला एवढ्यावरून परवाना काढून घेता येत नाही, सार्वजनिक शांततेशी त्याचा संबंध दाखवावा लागतो, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. परवाना गेला की बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. ती कायदेशीर मार्गाने विकताही येते. मुदतीत काहीच केले नाही, तर ती सरकारजमा होते.

सरसकट काढून घेण्याच्या सर्वांत जवळ आपण आलो ते २०१९ मध्ये. तोवर एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. आक्षेप आल्यावर ती दोन झाली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना वर्षभरात ती जमा करायला सांगितले गेले. त्यांच्यावर गुन्हा नव्हता, त्यांची काही चूकही नव्हती. तिसरी बंदूक कोणाकडे आहे हे सरकारला कळले ते नोंदीमुळेच. तेव्हा नोंदणीचा आणि बंदूक जाण्याचा काही संबंधच नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. मात्र हा बदल संसदेत चर्चा होऊन, मुदत देऊन झाला. रात्रीतून दारावर थाप पडली नाही. याच दुरुस्तीने लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षाही आणली. बीडमध्ये या कलमाची आठवण फार उशिरा झाली.

दुसरा प्रसंग प्रत्येक निवडणुकीत येतो. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका जमा करण्याचे निरोप जातात. पूर्वी हे अनेक ठिकाणी सरसकट चाले. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला आवर घातला, आणि निवडणूक आयोगाने २००९ मध्ये नियम बदलले. आता जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवाना तपासायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, दंगलीत आधी नाव आलेले, अशांचा विशेष विचार करायचा. निकालानंतर आठवडाभराने शस्त्रे परत करायची. नेमबाजीतले खेळाडू आणि बँकांचे सुरक्षारक्षक यांचा विचार वेगळा होतो. नोंद तीच राहिली, पण तिच्या आधारे निघणाऱ्या आदेशाला न्यायालयाने वेसण घातली. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

जगाकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसे मारली गेली. सरकारने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली आणि पैसे देऊन पन्नास हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या. त्या देशात तेव्हा बहुतांश बंदुकांची नोंदच नव्हती. ती नोंदवही २०२३ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सहा लाखांहून अधिक बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या, आणि तिथल्याही काही राज्यांत लांब नळीच्या बंदुका तोवर नोंदलेल्या नव्हत्या. कॅनडाने १९९५ च्या कायद्याने लांब बंदुकांची नोंद सुरू केली आणि २०१२ मध्ये ती मोडीत काढली. पुढे २०२० मध्ये, म्हणजे ती नोंदवही गेल्यानंतर, दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली. सरकारने ठरवले तर नोंद नसतानाही बंदुका जातात. आणि नोंद असूनही त्या वर्षानुवर्षे घरात राहतात, हे आपल्याकडचे लाखो परवानाधारक पाहतच आहेत.

याच्या विरुद्धचे उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण ते भयंकर आहे. जर्मनीत नाझींच्या आधीच्या लोकशाही सरकारने परवान्यांची पद्धत आणली होती. त्या नोंदी नाझींच्या हाती पडल्या, आणि १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंना शस्त्र बाळगायला बंदी करून त्यांची शस्त्रे काढून घेतली गेली. पोलिसांना कुठे जायचे ते आधीच माहीत होते. पण तेव्हा ज्यूंना दाद मागायला न्यायालय उरले नव्हते, प्रश्न विचारायला वृत्तपत्र उरले नव्हते. जिथे कारण विचारण्याची सोय संपते, तिथे मतदारयादीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक नोंद जिवावर उठू शकते. राखायची आहे ती ही कारण विचारण्याची सोय.

बीडचा अनुभव मात्र नेमका उलट आहे, आणि त्याची मला जास्त चीड येते. इथे नोंद होती. नाव, गाव, बंदुकीचा प्रकार, काडतुसे, सगळे कागदावर होते. गुन्हे असलेल्यांकडेही परवाने आहेत हे ठाण्यातल्याच कागदांवरून कळण्यासारखे होते. परवाना नूतनीकरणाला येतो तेव्हा पुन्हा अहवाल मागवायचा असतो. तो काळजीने लिहिला गेला असता तर यातले कितीतरी परवाने आधीच थांबले असते. सरकारने यादी वापरून बंदुका हिसकावल्या ही इथली तक्रारच नाही. यादी हातात असताना कोणी ती उघडून पाहिली नाही, एका सरपंचाचा जीव जाईपर्यंत पाहिली नाही, ही आहे.

आणि कट्ट्यांचे? मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे उमर्टी गाव गावठी पिस्तुलांसाठी वर्षानुवर्षे पोलिसांना ठाऊक आहे. तिथली आणि तसली हत्यारे ना कुठल्या वहीत येतात ना ती निवडणुकीला जमा होतात. परवानाधारकाची चिडचिड इथे शंभर टक्के रास्त आहे. पण त्यावरचा उपाय वही फाडण्याचा नाही. वहीत असलेल्या आणि नसलेल्या बंदुकीतला फरक ओळखता येतो तो वही असल्यामुळेच. ती नसेल तर नाकाबंदीवरच्या हवालदाराला दोन्ही सारख्याच.

म्हणून नेकनूर आणि आसपासच्या गावांतल्या परवानाधारकांना काही सांगायचे आहे. नूतनीकरणाची तारीख आजच पाहा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. घरातला परवानाधारक वारला असेल, तर बंदूक माळ्यावर ठेवून गप्प बसू नका. ती आधी जमा करा आणि वारसाच्या नावाने अर्ज करा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल तर त्याच्या हयातीतही ती लागू होते. नोटीस आली तर घाबरून दुर्लक्ष करू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. परवाना रद्द झाला तर कारणांची प्रत मागा आणि अपील करा. जिल्हा प्रशासनाकडेही एक मागणी आहे. दरवर्षी किती परवाने दिले, किती नाकारले, किती रद्द केले आणि कोणत्या कारणांनी, एवढे आकडे कोणाचेही नाव न देता जाहीर करा. बीडच्या लोकांना ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.