पायगुण नव्हे, पाणी!

दारची तुळस वाळली की घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. नवी सून आली असेल तर तिच्या पायगुणाकडे बोट दाखविले जाते. नसेल तर ‘आमच्याकडे झाड लागतच नाही’ म्हणून कुंडी अडगळीत जाते. पांढुर्णा-सौंसरच्या घरांतून हे ऐकले की आम्हांला नवल वाटते. कारण हीच मंडळी संत्र्याच्या बगिच्यात ऋतू ओळखून ओलित करणारी! आंब्या बहारासाठी ऐन हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, बुंध्याशी पाणी साचले की मुळे कुजतात, डिंक्या लागतो, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उंबरठ्याच्या आत मात्र हे शहाणपण येत नाही. कुंडीला बाराही महिने रोज एक तांब्या!

प्रथम मातीचा विचार करू. आपली काळी माती कपाशीला उत्तम. परंतु कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक भाग माती, एक भाग वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्या परत न्यावा.

झाडाचे माहेरही ठाऊक असावे. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरचा. तेथील दमट हवेत तो मोठ्या वृक्षांच्या आधाराने चढतो. त्याला खिडकीजवळचा, पण थेट ऊन न येणारा कोपरा मानवतो. तलवारीसारख्या उभ्या पानांचा स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा. तो कोरफडीप्रमाणे पानांत पाणी साठवितो. रोजच्या पाण्याने सडतो. तुळशीला मात्र ५-६ तास ऊन हवेच. दिवाणखान्याची शोभा म्हणून ठेवली तर ती खंगते.

वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकतो. तेव्हा कुंड्या पूर्वेच्या पडवीत एकमेकींना खेटून ठेवाव्यात. कूलरच्या थेट झोतात ठेवू नयेत. पाणी सकाळी लवकर द्यावे, लहान कुंड्यांना सायंकाळीही. लग्नकार्यानिमित्त परगावी जायचे असल्यास पाण्याची बादली उंचावर ठेवावी आणि जुन्या सुती लुगड्याची जाड वात करून एक टोक पाण्यात सोडावे, दुसरे कुंडीच्या मातीत पुरावे.

मृगाचा पाऊस लागला की हात आखडावा. कुंडीखालच्या बशा काढून टाकाव्यात. त्यांत साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यू पसरविणारे डास तयार होतात. पोळा-गोटमारीच्या सुमारापर्यंत मनी प्लांटचे तुकडे लावून घ्यावेत. तुकड्याला निदान एक पेर असावे. मुळे तेथूनच फुटतात.

तुळशीचे लग्न आटोपते आणि सातपुड्याच्या पायथ्याची थंडी सुरू होते. तुळस उष्ण हवेची. रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की ती पाने टाकू लागते. त्यातच मंजिऱ्या पिकविण्यात तिची शक्ती खर्ची पडलेली असते. नेमक्या या दिवसांत, ती वाळते आहे असे पाहून घाबरून अधिक पाणी घातले जाते आणि मुळे कुजतात. तेव्हा पाणी कमी करावे, तेही ऊन वर आल्यावर द्यावे. रात्री कुंडी आत घ्यावी अथवा वर सुती कापड टाकावे. मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात; दोन-चार तेवढ्या पिकू देऊन बी जपून ठेवावे.

तुळस वडापिंपळासारखी दीर्घायुषी नव्हे. काही वर्षांत तिचे खोड लाकडासारखे होऊन ती थकते. म्हणून फाल्गुनात पळस फुलला की नव्या मातीत ते बी वरचेवर पेरावे आणि पाणी हलके शिंपडावे. रोपे बोटभर झाली की घरात नवी सून आली असल्यास त्यांतील सर्वांत जोमदार रोप तिच्याच हातून वृंदावनात लावून घ्यावे.