आंबट खमीर, उरलेले
आंबट खमीर, उरलेले : पीठ व पाणी कालवून काही दिवस ठेवले असता त्यात यीस्ट व लॅक्टिक अम्ल निर्माण करणारे सूक्ष्मजंतू वाढतात आणि आंबूस वासाचे, बुडबुडे असलेले मिश्रण तयार होते. त्याला आंबट खमीर (सावरडो) असे म्हणतात. पाव फुगविण्यासाठी हे खमीर सतत जिवंत राखावे लागते. त्याकरिता त्याचा बराचसा भाग वेळोवेळी काढून राहिलेल्या भागात ताजे पीठ व पाणी मिसळतात. अशा वेळी काढलेला, परंतु पावाच्या कामी न आलेला भाग म्हणजे उरलेले खमीर होय. पाव फुगविण्याची शक्ती त्यात फारशी राहिलेली नसते. मात्र त्याचे अम्ल व त्यातील आंबलेले पीठ यांचा घरगुती पाकक्रियेत चांगला उपयोग होतो.

दह्याच्या विरजणाशी आंबट खमिराची तुलना करता येते. आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचाभर भाग दुधाला लावतात व बाकीचे दही खाल्ले जाते, त्यामुळे काहीच शिल्लक राहत नाही. रोज पाव भाजणाऱ्या भटारखान्यातही हीच स्थिती असते. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. पहिले शतक) याने आदल्या दिवशीची कणीक राखून तिने पाव फुगविण्याच्या रीतीचा उल्लेख केला आहे. उरलेल्या खमिराचा प्रश्न उद्भवतो तो आठवड्यातून एखादाच पाव भाजणाऱ्या घरी. कारण खमिराला पीठ रोज लागते, पाव मात्र रोज लागत नाही. ५० ग्रॅ. खमिरात रोज त्याच्याइतकेच पीठ व तितकेच पाणी घातले आणि काहीच काढले नाही, तर ते दर दिवशी तिप्पट होऊन पाचव्या दिवशी १२ किग्रॅ.हून अधिक भरेल. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात, तापमान ३०° से.च्या वर असताना, खमीर काही तासांतच पिकते व त्याला दिवसातून दोनदाही पीठ द्यावे लागते. साहजिकच शिल्लकही वाढते. मूळ साठा २०–२५ ग्रॅ. इतकाच ठेवणे, एक भाग खमिरास पाच भाग पीठ व पाच भाग पाणी या प्रमाणात ते वाढविणे आणि एरवी प्रशीतकात ठेवणे, हे शिल्लक कमी करण्याचे खरे उपाय होत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात तयार केलेले यीस्ट उपलब्ध झाल्यावर यूरोप-अमेरिकेतील बहुतेक घरांतून आंबट खमीर मागे पडले. जेथे यीस्ट पोहोचत नसे तेथे ते टिकून राहिले. १८९६ साली क्लोंडाइक भागात सोने सापडल्यावर तेथे व अलास्कात गेलेले खाणकरी खमिराचे भांडे थंडीपासून जपून बाळगीत आणि त्यात सोडा घालून तव्यावर जाड धिरडी करीत. त्या प्रदेशातील मुरलेल्या रहिवाशाला ‘सावरडो’ हे टोपणनाव पडले ते यावरूनच. २०२० सालच्या टाळेबंदीत अनेक देशांत यीस्टचा तुटवडा पडला व घरोघरी पुन्हा खमिरे लावली गेली. तेव्हा पीठही काही ठिकाणी सहज मिळत नव्हते. त्यामुळे काढलेल्या खमिराचे काय करावे, हा प्रश्न अनेक घरांत नव्याने उभा राहिला.

पिकलेल्या खमिराचे पीएच मूल्य साधारणपणे ३·५ ते ४ च्या आसपास असते. त्यातील सूक्ष्मजंतूंची संख्या यीस्ट-कोशिकांच्या सु. शंभरपट असते. सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रसिद्ध पावाच्या खमिरातील सूक्ष्मजंतूचे वर्णन क्लाइन व सुगिहारा यांनी १९७१ मध्ये केले व त्याला त्या शहराचे नाव दिले. पुढे तो यूरोपातील खमिरांतही आढळला. हे सूक्ष्मजंतू लॅक्टिक व ॲसिटिक ही अम्ले तयार करतात. अम्लता वाढली की पिठातील प्रथिने तोडणारी एंझाइमे अधिक कार्यक्षम होतात व ग्लुटेनाचे जाळे विरघळू लागते. म्हणूनच जुने खमीर पातळ व चिकट लागते, तार धरीत नाही आणि वायू कोंडून ठेवू शकत नाही. पावाच्या दृष्टीने हा दोष असला, तरी धिरडी व पातळ बिस्किटे यांना तो उपकारकच ठरतो. कारण त्यांना चिवटपणा नको असतो.

पाककृतीत वापरताना खमिरातील पीठ व पाणी हिशेबात धरावे लागते. समभाग पीठ व पाणी असलेल्या २०० ग्रॅ. खमिरात १०० ग्रॅ. पीठ असते, मूळ कृतीतून तेवढे पीठ व तेवढेच दूध किंवा पाणी वजा करतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या धिरड्यांसाठी एवढ्या खमिरात एक अंडे, थोडे दूध, साखर व मीठ घालून अगदी शेवटी अर्धा लहान चमचा (सु. २·५ ग्रॅ.) खाण्याचा सोडा घालतात. सोडा व अम्ल यांच्या विक्रियेने कार्बन डाय-ऑक्साइड लगेच सुटू लागतो. म्हणून मिश्रण ठेवून न देता तव्यावर घालावे. सोडा अधिक झाल्यास साबणासारखी चव येते. खमिरातील साखर यीस्ट व सूक्ष्मजंतूंनी वापरलेली असते आणि अम्लतेमुळेही पदार्थ फिकट राहतो. थोडी साखर व दूध घातल्याने त्याला तांबूस रंग चढतो. पातळ बिस्किटांसाठी २०० ग्रॅ. खमीर, १०० ग्रॅ. पीठ, ५० ग्रॅ. लोणी व मीठ मळून, कागदासारखे पातळ लाटून सु. १७५° से. तापमानास कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. आठवडाभर साठलेले, चांगले आंबट झालेले खमीर या कामी उत्तम. पोलंडमध्ये राय या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचे ‘झुरेक’ नावाचे सार करतात, त्यात आंबटपणा हाच मुख्य गुण असतो.

मराठी स्वयंपाकात या खमिराचे धिरडे सर्वांत सोपे. त्यात तांदळाचे पीठ किंवा बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर व मीठ घालून तेल सोडलेल्या तव्यावर ते घालतात. सोड्याची गरज नसते. मात्र आयत्या वेळी घातलेले पीठ आंबलेले नसते. आंबण्याचे पोषणविषयक लाभ, उदा. खनिजांच्या शोषणास अडथळा आणणाऱ्या फायटिक अम्लाचे विघटन, त्या पिठाला लागू होत नाहीत.

उरलेले खमीर झाकून प्रशीतकात ठेवतात. वर साचणारे करडे पाणी हे अल्कोहॉल व अम्लयुक्त असून ते बिघाडाचे लक्षण नव्हे. ते ओतून टाकावे किंवा ढवळून घ्यावे. गुलाबी वा नारिंगी रेषा किंवा बुरशी दिसल्यास सर्व खमीर फेकून द्यावे. कच्च्या पिठात रोगकारक जंतू असू शकतात, म्हणून खमीर न शिजवता चाखू नये. ग्लुटेन न सोसणाऱ्या (सीलिॲक रोगाच्या) रुग्णांना गव्हाचे खमीर कितीही आंबले तरी वर्ज्यच आहे. नव्याने लावलेल्या खमिरातून पहिल्या आठवड्यात निघणारा भागही स्वयंपाकात वापरू नये, कारण पुरेसे अम्ल तयार होण्यापूर्वी त्यात इतर अनिष्ट सूक्ष्मजंतूही वाढलेले असतात.