गॅलरी गेली, टेबल राहिलं

गिरगावातल्या चाळीत आमचं सागवानी टेबल दोन-चार वर्षांनी एकदा गॅलरीत यायचं. दसरा झाला की पॉलिशवाला येई. त्याच्याकडे रंधा नाही, पटाशी नाही. एक बाटली आणि मलमलीत कापूस गुंडाळून केलेला बोळा. टेबल पुसून घ्यायचा आणि बोळा आठाच्या आकड्यासारखा फिरवत बसायचा. संध्याकाळी टेबल घरात आलेलं असे. झाडण्यासारखा कचरा मागे राहिल्याचं आठवत नाही.

1986 साली आम्ही डोंबिवलीत आलो. 400 चौरस फुटांचं घर, स्वतःचं न्हाणीघर. त्या आनंदात गॅलरी गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण खुर्ची-टेबल बाहेर काढायला जागाच उरली नाही, आणि तिथून आमच्या लाकडाचे वाईट दिवस सुरू झाले. पुसायला सोपा म्हणून घरोघर सनमायका येत होता. आमच्या दिवाणावरही आला. गोंद नीट धरावा म्हणून सुताराने खालच्या सागावर आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. दहा वर्षांत कडा उचकटल्या, आत पाणी मुरलं आणि दिवाण गेला. टेबलावर मात्र आईने सनमायका लावू दिला नाही.

2004 साली आरामखुर्ची घासायला मशीन आणलं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. दीड खोलीत लाकडाची बारीक भुकटी आठ दिवस उडत होती, तांदळाच्या डब्यात सापडत होती. वडिलांना दम्याचा त्रास; त्यांना मामाकडे पाठवावं लागलं. एवढं करून खुर्चीच्या हातांची गोलाई गेली, ती गेलीच. पुढची सोळा वर्षं आम्ही कशालाच हात लावला नाही.

मग 2020. टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवलेली असे. गळलेल्या थेंबांनी पांढरे, चिकट डाग पडले. आधी जीव हळहळला, मग कारण कळलं. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे तयार करतात ती. सॅनिटायझरमध्येही मुख्यतः अल्कोहोलच असतं, त्यामुळे वाळलेली लाख पुन्हा मऊ होते. म्हणजे नवा हात दिला की तो जुन्या थरात मिसळून जातो, खरवडावं लागत नाही. चाळीतल्या त्या माणसाला मशीन का लागत नव्हतं, ते मला इतक्या वर्षांनी उमगलं.

दुकानं उघडल्यावर चपडी लाख आणली. 100 ग्रॅमला अर्धा लिटर स्पिरिट घालून रात्रभर ठेवली, अधूनमधून हलवली, सकाळी फडक्यातून गाळली. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवासमोरचा दिवाही विझवलेला, कारण स्पिरिट पटकन पेट घेतं. टेबलाखाली जुनी चादर. बोळा ओला नव्हे, दमटच; पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. पावसाळ्यात हे करू नये, हवेतल्या ओलाव्याने पॉलिश पांढुरकं पडतं. गरम भांडं मात्र अशा टेबलावर कधीच थेट ठेवता येत नाही, हा लाखेचा दोष मान्य करायला हवा.

त्याच महिन्यात वेताच्या खुर्चीची सैल पडलेली बैठक खालून गरम पाण्याने भिजवली आणि वाळू दिली. वेत वाळताना आकसतो; बैठक बरीच ताणली गेली. पावसात अडकणाऱ्या खणांच्या कडांना मेणबत्ती घासली. या दोन्ही कामांना मिळून अर्धा तासही लागला नाही.

तुमच्याकडे आजोबांच्या वेळचं लाकूड असेल, तर मशीनवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा: न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका आणि मिनिटभराने बोट लावून पाहा. चिकट लागलं, तर ती लाख आहे. ती खरवडू नका.