सकाळचं अधिवेशन आणि चौदा वर्षांचा मेंदू

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. उपनगरातल्या कितीतरी शाळा दोन अधिवेशनांत भरतात, कारण मुलं भरपूर आणि वर्गखोल्या मोजक्या. सकाळच्या अधिवेशनाची घंटा सातच्या आसपास होते. पहिल्याच तासाला नववीतला मुलगा पेंगू लागला की बाई म्हणतात, "रात्रभर मोबाइल!" मोबाइल असतोच. पण दुसरं कारण त्या मुलाच्या डोक्यात असतं आणि त्यावर त्याचा काहीच ताबा नसतो. झोपेची वर्दी देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक वयात येताना उशिरा पाझरू लागतं, कधी कधी दोन तासांपर्यंत उशिरा. रात्री दहाला अंग टाकलं तरी मेंदू टक्क जागा राहतो. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते आणि सातची शाळा त्यातले तास रोज कापून घेते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चिमुकल्यांसाठी ते छानच झालं. पण शरीराचं घड्याळ मागे सरकतं ते मोठ्या मुलांचं, आणि त्यांची घंटा होती तिथेच राहिली.

त्या मेंदूत याच वर्षांत काय काय चाललेलं असतं ते वाचताना मी थक्क होते. पेशींमधल्या न वापरलेल्या जोडण्या गळून पडतात, वापरातल्या पक्क्या होतात, संदेश वाहणाऱ्या तंतूंवर आवरण चढत जातं. भीती, राग, मित्रांकडून मिळणारी शाबासकी यांना प्रतिसाद देणारे भाग आधी जोर धरतात. कपाळामागचा भाग, जो थांबवतो आणि पुढचा विचार करतो, तो पंचविशीच्या आसपास पुरा होतो. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी डागडुजी नेमकी दहावीच्या तोंडावर चालू असते!

मनाचे आजारही इथेच डोकं वर काढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सुरू होतात आणि बहुतेक कुणाच्या लक्षातच येत नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं, महानगरांत 13.5 टक्के. साठ मुलांच्या तुकडीत हे आठ जण झाले. ते आठ कोण, हे हजेरीपटावर दिसत नाही. चाचणीच्या आठवड्यात नेमकं जिचं पोट दुखतं, मधल्या सुट्टीत जो डबा न उघडता बसून राहतो, त्यांना घरी "नाटकं करू नकोस" एवढंच ऐकायला मिळतं.

या मुलांकडे मुंबईचं लक्ष फार लवकर गेलं होतं. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था 1936 मध्ये समाजकार्याचं विद्यालय म्हणून सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र काढलं. 1996 मध्ये 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइनही याच संस्थेतून निघाली. पण केंद्रापर्यंत मुलाला कुणीतरी न्यावं लागतं, आणि फोन करायला आपल्याला काहीतरी होतंय हे आधी कळावं लागतं. शाळेत मात्र मूल रोज आपल्या पायांनी येतं.

म्हणून मला गोव्यातल्या 'संगत' या संस्थेचा प्रयोग अद्भुत वाटतो. तो झाला बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात, 74 सरकारी माध्यमिक शाळांत, आणि 'लॅन्सेट'मध्ये 2018 साली छापून आला. काही शाळांत मनाच्या आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांनी चालवला. काही शाळांत तोच कार्यक्रम एका बाहेरच्या व्यक्तीकडे दिला: मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण घेतलेली, सगळा वेळ शाळेसाठी असलेली. परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, दादागिरी थांबवण्याचे नियम, अडचण घेऊन आलेल्या मुलाशी एकट्याने बोलणं, असा तो कार्यक्रम. या दुसऱ्या शाळांत उदासी घटली, दादागिरी आणि मारामाऱ्या घटल्या, शाळा मुलांना आपली वाटू लागली. शिक्षकांनी चालवला तिथे फरक जवळजवळ पडलाच नाही.

कार्यक्रम एक, जिल्हा एक, फक्त माणूस वेगळा! यात शिक्षकांचा दोष काढू नये. पोर्शन, पेपर तपासणी, निवडणुकीची कामं, यातून त्यांनी कधी ऐकावं? शिवाय जे गुण देतात आणि पालकांना बोलावून घेतात त्यांच्यापुढे मूल मन कसं मोकळं करील? युरोपातही असंच दिसलं. दहा देशांतल्या 168 शाळांपैकी काहींत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवून फारसं साधलं नाही. दुसऱ्या काहींत मुलांनाच चार आठवड्यांत मिळून पाचेक तास चर्चा आणि भूमिका करून बघायला दिल्या, तेव्हा वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न निम्म्याहून कमी झाले. फक्त पाच तास!

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. उपनगरात दोन तुकड्या एकत्र बसवल्या तरी शंभरी भरते, म्हणजे हा आदेश इथल्या जवळपास प्रत्येक शाळेला लागू आहे. आता बघायला हवं ते हे, की नेमलेल्या त्या व्यक्तीला बदली तास आणि स्नेहसंमेलनाच्या कामाला जुंपलं जातंय, की तिला बसायला एक खोली, दार लावता येईल अशी, आणि मुलांसाठी वेळ मिळतोय. पालकसभेत गुणांच्या आधी हे विचारावं. आणि तोवर कुणाला रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येतं.