आधी करून दाखवा, मग मोजा

आमच्या माण तालुक्यातल्या गटात एका ताईंचा बारा वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. "अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठतोस-बसतोस?" विचारलं, तर नुसता हसला. पायात जोर नाही, असं आम्हाला वाटलं. मग ताईंनी स्वतः करून दाखवलं, दोन दिवस त्याच्याबरोबर केलं. तिसऱ्या दिवशी गडी नऊ वेळा उठला! जोर होता, सांगणं कळलं नव्हतं.

म्हणून आधी दाखवा, सराव द्या, मग मोजा. सहा मिनिटांत किती चालतो, एका पायावर किती सेकंद उभा राहतो, ते गटाच्या हिशोबासारखं वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच मागच्या आकड्याशी करा. दम लागल्याचं त्याला सांगता येईलच असं नाही. चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.

डाऊन सिंड्रोम असेल तर मानेचा सांधा सैल असू शकतो, हृदयात दोषही असू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. तपासणी मोफत असते. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.