ठेवीचा राखणदार

ज्येष्ठाची पौर्णिमा जवळ आली कीं, पेरणी झालेली असो वा नसो, वारकरी कुळांतील माणसांचें चित्त घरांत ठरत नाहीं. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघावयाची असते आणि आषाढी एकादशीस पंढरी गांठावयाची असते. तीनचार आठवडे घर सोडून जावयाचें म्हणजे शेतकऱ्यास अनेक व्यवस्था लावून ठेवाव्या लागतात. गाईंची धार कोणीं काढावी, दूध डेअरीवर कोणीं पोंचवावें, विजेची पाळी रात्रीची आल्यास पंप कोणीं सुरू करावा, या सर्वांचा विचार आधींच होतो. परंतु या साऱ्या चीजवस्तूंची रात्रंदिवस राखण करणारा जो कुत्रा, त्याची राखण कोणीं करावी, हा प्रश्न बहुधा अगदीं शेवटच्या दिवशीं निघतो, आणि ‘शेजारीं भाकरीचा तुकडा मिळेल’ एवढ्यावर मिटविला जातो. राखणदाराविषयींची ही उदासीनता आम्हांस योग्य वाटत नाहीं. नातलगाचा कुत्रा कांहीं दिवस संभाळणें हें ओझें नसून मोठें आनंदाचें काम आहे, आणि तें नीट केल्यास शेतकऱ्यास चार गोष्टी शिकावयासही मिळतात, असा आमचा स्वानुभव आहे. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या थोरल्या भगिनी व त्यांचे यजमान यांची वस्ती अहिल्यानगर जिल्ह्यांत (सन २०२४ पर्यंत या जिल्ह्याचें नांव अहमदनगर होतें) अकोलें तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं आहे. हा तालुका दोन प्रकृतींचा आहे. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांचे डोंगर, भाताचीं खाचरें आणि मुसळधार पाऊस; पूर्वेस नदीच्या व पाटाच्या पाण्यावर होणारा ऊंस, कांदा व टोमॅटो. भगिनींची वस्ती या पूर्व भागांत, गांवापासून मैलभर दूर असून तिच्या तिन्ही बाजूंस ऊंस आहे. गेल्या वर्षीं उभयतांचा दिंडीबरोबर जाण्याचा बेत ठरला, तेव्हां त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें. “गाईंचं बघायला गडी हाय, पाव्हणं, पण खंड्याला घरचंच माणूस लागतं,” एवढेंच दाजी बोलले.

खंड्या हा जातीनें गांवठी कुत्रा. रंग पिंवळट तांबूस, कान उभे, शेपूट वळलेली, वय पांच वर्षांचें. पिलूं असतांना धनगराच्या वाड्यावरून आणलेला. त्यास कोणीं कांहीं विद्या शिकविलेली नाहीं. जी आहे ती त्याची त्यानेंच मिळविलेली आहे.

ठेव संभाळणाऱ्याचें पहिलें कर्तव्य असें कीं, ठेव जशी हातीं आली तशीच ती राखावी. जिवंत ठेवीविषयीं तर हा नियम विशेषच पाळावा लागतो. पहिले दोन दिवस खंड्यानें भाकरीस तोंड लावलें नाहीं. तो फाट्याच्या वाटेकडे तोंड करून अंगणांत पडून राहिला. अशा वेळीं नवा माणूस सहसा लाडीगोडी करूं लागतो, नाहीं तर साखळीनें बांधून टाकतो. आम्हीं दोन्हीही केलें नाहीं. त्याची जेवणाची वेळ, त्याची ठरलेली जर्मनची थाळी व थाळी ठेवण्याची जागा यांत तिळभरही फरक केला नाहीं. भगिनींचें एक न धुतलेलें जुनें लुगडें त्याच्या पोत्यावर अंथरलें. कुत्र्यास माणसाची ओळख डोळ्यांपेक्षां नाकानें अधिक पटते. घरधनिणीचा वास घरांत आहे तोंवर घर मोडलेलें नाहीं, अशी त्याची समजूत राहते. थाळी ठेवून आम्ही पाठ फिरवून दूर बसत असूं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मागें चाटण्याचा आवाज झाला. थाळी साफ करून तो आमच्या पुढें दहा पावलें गेला, थांबला, आणि मान वळवून आमच्याकडे पाहूं लागला. चला, असाच त्याचा अर्थ होता.

तेथून आमची खरी मौज सुरू झाली. पहांटे साडेपांचाच्या सुमारास तो पडवीच्या दाराशीं उभा राही व आम्हांस घेऊन गस्तीस निघे. प्रथम गोठा, नंतर विहीर, विहिरीवरून उंसाचा बांध, मग बाजरीचें वावर आणि शेवटीं टोमॅटोचे मांडव, हा त्याचा क्रम एकही दिवस चुकला नाहीं. आपण शेतकरी शेतांत जातों तें कांहीं कामासाठीं जातों. पाणी धरावयास गेलेल्याची नजर पाण्यावर आणि खुरपावयास गेलेल्याची तणावर असते. केवळ शेत पाहण्यासाठीं शेतांतून हिंडणें आपल्या हातून फार क्वचित् घडतें. कुत्रा तें नित्य करतो. रात्रीं कोण आलें, कोठून आलें, काय खाऊन गेलें, याची सारी बातमी त्यास बांधावरच्या गवतांत मिळते. तो जेथें थांबे तेथें आम्हीही थांबत असूं, आणि वांकून पाहतां बहुतेक वेळां तेथें कांहीं तरी आढळून येई. एकदां साळिंदराचा कांटा सांपडला. एकदां रानडुकरांनीं उकरलेली मुळी दिसली. पाऊस चार दिवस उघडला असतां खंड्या एका जागीं ओली माती चाटूं लागला. गड्यानें तेथें कुदळ घातली, तों जमिनींतील पाइपाचा सांधा सुटून पाणी झिरपत असल्याचें आढळून आलें.

बाजरीच्या वावरांत टिटवीनें उघड्या मातींतच चार अंडीं घातलीं होतीं. आम्ही जवळ गेलों कीं, ती डोक्यावर घिरट्या घालून एकच आरडाओरडा करी. बिबट्याच्या वासानें अंगावरचे केंस ताठ करणारा हा शूर गडी त्या मूठभर पाखरापुढें मात्र मान खालीं घाली आणि तेवढा तुकडा टाळून लांबच्या सरीनें जाई. हा प्रकार पाहून आम्हांस रोज नव्यानें हंसूं येई. बापलेकांच्या, भाऊबंदांच्या बांधावरून लागलेल्या तंट्यांत इतकी समजूत दिसती तर पुष्कळ खर्च वांचता!

आपल्या पूर्वजांनीं कुत्र्याची थोरवी पुरती ओळखली होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमेचें सूक्त आहे. पणींनीं लपवून ठेवलेल्या गाईंचा माग काढीत इंद्राची ही कुत्री नदी ओलांडून जाते. गोधनाचा शोध लावणारी म्हणूनच तिचें महत्त्व आहे. खंडोबाच्या जवळ कुत्रा असतो, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार असतात, आणि स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत करणारा शेवटीं कुत्राच होता. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवरायांची कथा तर आपल्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. ती कथा कीर्तनांत ऐकून डोळे पुसणारा श्रोता घरीं जाऊन कुत्र्यास पावसांत बाहेर झोंपवितो, एवढाच काय तो कालाचा महिमा!

हें बाहेर झोंपविणें आतां नुसतें निर्दयपणाचें नव्हे, तर धोक्याचें झालें आहे. दाट ऊंस हा बिबट्यास रानासारखाच मानवतो. तेथें त्यास आडोसा मिळतो, पाणी मिळतें, आणि माद्या पिलेंही तेथेंच घालतात. याच अकोलें तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची परीक्षा करून शास्त्रज्ञांनीं त्यांच्या आहाराचा अभ्यास केला, व तो सन २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबानें बिबट्याच्या आहारांत शेंकडा ८७ भाग पाळीव प्राण्यांचा, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा भाग शेंकडा ३९ इतका आढळला. शेळ्या या मुलुखांत कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा भाग अवघा शेंकडा ११ भरला. याचें कारण उघड आहे. शेळी विकली जाते म्हणून आपण तिला रात्रीं कुडांत कोंडतों. कुत्र्याचें मोल बाजारांत होत नाहीं म्हणून तो अंगणांत राहतो. राखणदारच सर्वांत कमी राखलेला, असा हा उलटा व्यवहार आहे.

दाजींनीं निघतांना एकच गोष्ट दोनदां बजावून सांगितली होती. दिवे लागण्यापूर्वीं खंड्या आंत आला पाहिजे. पडवीस त्यांनीं लोखंडी जाळीचें दार बसविलें आहे. आम्हीं हा नेम कटाक्षानें पाळला, आणि सतराव्या रात्रीं त्याची किंमत कळली. मध्यरात्रीं खंड्या उठून बसला. तो भुंकला नाहीं. त्याच्या छातींतून खोल, बारीक गुरगुर निघूं लागली. तो मागें सरत सरत आमच्या अंथरुणास येऊन टेंकला, व त्याचें सर्व अंग थरथरूं लागलें. गोठ्यांत गाई उठून उभ्या राहिल्या. आम्हीं बाहेरचा दिवा लावला, पत्र्याचा डबा वाजविला आणि गड्यास हांक देऊन आंतूनच बोलतें ठेविलें. पाव घटकेनें गाई पुन्हा रवंथ करूं लागल्या, तेव्हां खंड्यानें एक दीर्घ श्वास सोडला व आमच्या पायांवर मान टाकून तो झोंपीं गेला. आम्हांस मात्र नंतर झोंप आली नाहीं. एका मुक्या जीवानें आपला सगळा भार विश्वासानें आपल्यावर टाकावा, यासारखें सुख आम्हांस ठाऊक नाहीं. आणि ही दुसऱ्याची ठेव आहे, ही जाणीव त्या सुखास अधिकच जड करते. सकाळीं अंगणाच्या ओल्या मातींत वाटोळीं पावलें उमटलेलीं दिसलीं. कुत्र्याच्या पावलांत नखांच्या खुणा उठतात. यांत एकही नख नव्हतें. पावलें पडवीच्या दारापासून चार हातांवर येऊन परत गेलीं होतीं.

आतां ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. कांद्याच्या मुलुखांत तर पहिली फारच ध्यानांत ठेवावी. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्यास अपायकारक आहे. त्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात. म्हणून उरलेलें कालवण थाळींत ओतूं नये. भाकरी ताकांत किंवा दुधांत कुसकरून घालावी, वर एखादें उकडलेलें अंडें द्यावें. शिजविलेलीं हाडें फुटून टोंकदार होतात. तीं देऊं नयेत. उंदरांसाठीं मांडलेलें विषारी आमिष व औषध चोळलेलें बियाणें यांपासून त्यास दूर ठेवावें. पावसाळ्यांत कान व बोटांच्या बेचक्या रोज पाहून गोचीड काढावे. गुरांवर मारावयाचें औषध पशुवैद्यास विचारल्यावांचून कुत्र्याच्या अंगास लावूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पिसाळण्याच्या रोगाची. ठेव ताब्यांत घेतांनाच वर्षाची टोंचणी झाली आहे कीं नाहीं हें टोंचणीच्या कागदावर पाहून घ्यावें, व झाली नसल्यास प्रथम ती करून घ्यावी. लुई पाश्चर यांनीं सन १८८५ सालीं चावलेल्या मुलास लस टोंचून त्याचा जीव वांचविला, त्यास आतां शतकाहून अधिक काळ लोटला. तरी आपल्या खेड्यांतून अद्याप मिरची भरणें व मंत्र घालणें चालतें. कोणत्याही कुत्र्यानें चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगांतून माणूस बहुधा वांचत नाहीं. पण वेळेवर लस घेतल्यास तो टळतो.

एकादशी झाली, द्वादशीचें पारणें झालें, आणि मंडळी एस. टी. नें परत निघाल्याचा निरोप आला. त्या दुपारीं आम्हांस कांहींही ऐकूं आलें नसतां खंड्याचे कान ताठ झाले. मैलभरावर फाट्याशीं गाडी थांबली असावी. दुसऱ्याच क्षणीं तो बांधावरून दिसेनासा झाला. पुढें काय झालें तें आम्हीं दुरून पाहिलें. भगिनींनीं डोक्यावरचें गांठोडें खालीं ठेविलें व वाटेंतच बसकण मारली. मग तो कधीं त्यांच्याभोंवतीं फिरे, कधीं आमच्याकडे धांवत येई, पुन्हा त्यांच्याकडे जाई. जणूं हिशोब चुकता होत होता, आणि दोन्ही पक्षांस त्याची पावती तोच देत होता. दुसऱ्या दिवशीं आम्ही निघालों, तेव्हां तो उंसाच्या शेवटच्या बांधापर्यंत आला व थांबला. तेथें त्याची हद्द संपते. आमच्या मनास किंचित् हुरहुर लागली, हें खरें. परंतु ठेव व्याजासह पोंचती झाल्याचें समाधान तिच्याहून मोठें होतें.

सारांश, ज्या वाचकांचे आप्त दूरच्या वस्तीवर राहतात, त्यांनीं आप्तांच्या वारीस, लग्नकार्यास अथवा दवाखान्याच्या खेपेस आपण होऊन म्हणावें कीं, तुम्ही निश्चिंत जा, राखणदाराकडे आम्ही पाहतों. आणि ज्यांच्या दारीं राखणदार आहे त्यांनीं आजपासून शेळीच्या कुडाशेजारीं त्याच्यासाठींही जाळीचा एक कूड उभा करावा. चार फळ्या, थोडी जाळी व अर्ध्या दिवसाची मेहनत, एवढाच त्यास खर्च आहे.